खिडकीखालचा पाय

खिडकीबाईला सगळं गाव ओळखत होतं, पण कमरेपर्यंतच. थिएटरच्या तिकिटाची ती खिडकी; त्याहून खाली काही दिसायचं कारण नव्हतं. एक अर्धगोल भोक, त्यातून आत येणारे हात, बाहेर जाणारी तिकिटं, आणि जाळीमागे एक तरतरीत चेहरा, ज्याची जीभ कात्रीसारखी चालायची. "मधली रांग द्या" म्हणणाऱ्याला ती म्हणायची, "मधली रांग सगळ्यांनाच हवी. कडेच्या खुर्च्या काय मी घरी नेऊ?" उशिरा येऊन घाई करणाऱ्याला म्हणायची, "पिक्चर कुठे पळून जात नाही. पळते ती हिरोईन, आणि तीही मध्यंतरानंतर." लोक हसायचे, रांग पुढे सरकायची. एखाद्याला तिकीट मिळालं नाही तरी तो तिचं एखादं वाक्य खिशात घालून घरी जायचा.

खिडकीखाली, लाकडी फळीच्या आड, एका पालथ्या खोक्यावर तिचा डावा पाय ठेवलेला असायचा. गुडघ्यापासून खाली तो उजव्याच्या दुप्पट जाड होता. कातडी खरखरीत, घोट्यापाशी वळकट्या पडलेल्या, बोटं त्या वळकट्यांत बुडालेली. हत्तीरोग. डास चावतो, त्याच्यातून बारीक जंत अंगात शिरतात, वर्षानुवर्षं आत ठाण मांडून बसतात आणि मग कधीतरी पाय सुजायला लागतो. एवढं साधं आहे ते. पण एवढं साधं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बाकी काय काय सांगितलं होतं. थंड फरशीवर झोपलीस म्हणून. कुणाची तरी नजर लागली म्हणून. एका शहाण्याने तर, फार हसतेस म्हणून, असंही सांगितलं होतं. हसण्याचा आणि पायाचा काय संबंध ते त्याचं त्यालाच ठाऊक.

सकाळी रस्ता झाडणाऱ्यांशिवाय बाहेर कुणी नसायचं तेव्हा ती थिएटरवर यायची. परत जायची ती शेवटचा खेळ सुरू झाल्यावर, सगळं गाव अंधारात पडद्याकडे तोंड करून बसलेलं असताना. अख्ख्या गावाला एका दिशेला बघायला बसवायचं आणि आपण त्यांच्या पाठीमागून निघून जायचं, अशी सोय दुसऱ्या कुणाला जमली नसती. लोकांना वाटायचं, तिने ही नोकरी पगारासाठी धरलीय. तिने ती फळीसाठी धरली होती.

घरी थोरला भाऊ आणि वहिनी. भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा आणि घड्याळाइतकंच बोलायचा. त्याच्या वाटणीचं बोलणं वहिनी बोलायची. नणंद-भावजयीची रोज एक तरी चकमक उडायचीच, पण दोघींना ती नसली की चुकल्यासारखं व्हायचं. एक गोष्ट मात्र खिडकीबाईला आतून टोचत होती. वहिनी तिचे सगळे कपडे टेलरकडे नेऊन काठ खाली सोडून आणायची. झगे असे पायघोळ की खाली फक्त चपलेचं टोक दिसावं. "वन्सं, हा पण लांब करून आणलाय," असं म्हणून वहिनी घडी पलंगावर ठेवायची, आणि खिडकीबाई मनात म्हणायची, लाज वाटते हिला माझी. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. तिच्यासारखी तोंडाळ बाई जे बोलत नाही, ते किती खोल गेलेलं असणार याचा तुम्हीच अंदाज करा.

अधूनमधून पाय भडकायचा. अचानक हुडहुडी भरायची, ताप चढायचा, पाय लालबुंद होऊन जाळल्यासारखा व्हायचा. अंथरुणातून उठता यायचं नाही. थिएटरचा मालक निरोप पाठवायचा की असं वारंवार चालणार नाही. बरी होऊन ती परत यायची, तेव्हा पाय आधीपेक्षा थोडा जास्तच भरलेला असायचा.

अशाच एका दुखण्यातून उठून ती खिडकीत बसली होती. दुपारचा खेळ सुरू झाला होता, बाहेर कुणी नव्हतं. भोकासमोर एक सावली आली.

"किती?" तिने वर न बघता विचारलं.

"तिकीट नको. डावा की उजवा?"

"काय?"

"पाय. माझ्या अंदाजाने डावा."

तिने वर बघितलं. समोरच्या गल्लीतला टेलरमास्तर होता. उंच, वाळलेला, गळ्यात मापाची टेप, आणि घेरदार विजार. तिने खिडकीची झडप अशी आपटली की त्याची बोटं थोडक्यात वाचली.

"शिवण सोडून बायकांचे पाय मोजायचा धंदा काढलात का मास्तर?" ती आतून म्हणाली.

बाहेरून तोच सावकाश आवाज आला. "माझा उजवा. तुमचे झगे माझ्याकडे येतात ना. डाव्या बाजूचा काठ घासलेला, ओढलेला असतो. माझ्या विजारीचा उजवा तसाच होतो. दुकानाच्या मागे नळ आहे. आम्ही चारजण बसतो तिथे. या कधीतरी."

"वाट बघा," ती म्हणाली.

तो गेला. जाताना त्याच्या चालण्याचा आवाज तिने ऐकला. एक पाऊल टेकलेलं, दुसरं ओढलेलं, मग दम खायला थांबल्यासारखी फट. असा आवाज तिने आयुष्यभर फक्त स्वतःच्याच पायांचा ऐकला होता.

ती गेली नाही. अभिमान आड आला. मग पुन्हा ताप आला, आधीच्यापेक्षा वाईट. त्यातून उठली त्या आठवड्यात वहिनीने तिच्या हातात कपड्यांचं बोचकं दिलं. "वन्सं, एवढं मास्तरांकडे टाकून या. मला आज उसंत नाही. आणि मागच्या दाराने जा, पुढे गिऱ्हाइकांची गर्दी असते."

"तुम्हाला कधी उसंत असते?" असं म्हणत ती निघाली. बोचकं हातात होतं म्हणून मान शाबूत राहिला. आपण कपडे टाकायला चाललोय, पायासाठी नाही.

मागच्या दारात ती थबकली. छोटंसं अंगण, भिंतीला नळ, खाली सिमेंटचा उतार. बाकावर मास्तर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बसलेला. त्याच्या शेजारी दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर, जो सगळ्या गावाला शिडीवर उंच दिसायचा आणि म्हणूनच कुणी त्याच्या पायाकडे बघायचं नाही. पलीकडे दोन म्हाताऱ्या, एकमेकींशी कशावरून तरी वाद घालत. सगळ्यांचे पाय उघडे. तसे पाय. आपल्यासारखा पाय तिने त्याआधी दुसऱ्या कुणाचा पाहिलाच नव्हता. तिला वाटायचं, देवाने हा एकच बनवला आणि तो तिला दिला.

"आलात," मास्तर म्हणाला. "बसा. आधी माझा पाय धुवा."

खिडकीबाईच्या कपाळावरची शीर उडाली. "मी काय तुमची मोलकरीण आहे? मी..." आणि ती अडली, कारण कपडे टाकायला आलेय हे वाक्य त्या चार उघड्या पायांसमोर तोंडातून निघेना.

"रीत आहे इथली," एक म्हातारी म्हणाली. "नव्याने आधी जुन्याचा पाय धुवायचा. मीसुद्धा धुतलाय. ह्या मास्तराचा पाय धुण्याएवढा काही देखणा नाही, पण काय करणार."

"असली कसली रीत," खिडकीबाई पुटपुटली आणि खाली बसली.

मास्तर सांगत गेला, ती करत गेली. पाणी साधं, ना गरम ना गार. साबण आधी हातावर फेसायचा, पायावर घासायचा नाही. गुडघ्यापासून खाली, हळूहळू. प्रत्येक वळकटी बोटाने उघडायची, आत हात फिरवायचा, कारण घाण तिथे लपते आणि ताप तिथून येतो. बोटांच्या फटींत मऊ फडक्याची सुरळी. पाणी स्वच्छ उतरेपर्यंत धुवायचं. मग टिपायचं, पुसायचं नाही. ओल राहिली की सगळं मुसळ केरात. फटीत चीर दिसली तर मलम. सुरुवातीला तिने श्वास रोखून धरला होता. नंतर तिच्या लक्षात आलं की आपण केव्हाच श्वास घ्यायला लागलोय आणि वास फक्त साबणाचा येतोय.

"झालं," ती म्हणाली.

"हाताला काय लागलं?" मास्तरने विचारलं.

तिने हात उलटेपालटे करून पाहिले. "साबण."

"बास. तेवढंच लागतं. आता तुमचा आणा."

तिने काठ वर केला तो स्वतःच्या हाताने नव्हे, असं तिला नंतर वाटायचं. त्या भांडकुदळ म्हातारीने तिचा पाय मांडीवर घेतला, जसं एखादं भाजीचं टोपलं घ्यावं तसं, आणि शेजारणीशी चाललेला वाद न थांबवता धुवायला लागली. आई गेल्यापासून त्या पायाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. डॉक्टरांनीसुद्धा टेबलापलीकडून बघून चिठ्ठी लिहिली होती. खिडकीबाई भिंतीकडे तोंड करून बसली. कुणी तिला काही विचारलं नाही. त्याबद्दल ती त्या चौघांची जन्मभर ऋणी राहिली, धुण्यापेक्षाही जास्त त्या न विचारण्याबद्दल.

तिथून पुढे ती पाय धुण्याच्या दर ठरलेल्या दिवशी गेली. बाकी दिवशी घरी धुवायची, आणि वहिनी काही न बोलता फडकी उकळून, वाळवून, घडी करून ठेवायची. पाय उशीवर उंच ठेवून झोपायचं, बसल्या जागी घोटा वरखाली करायचा. खिडकीखाली खोक्यावर तिचा घोटा दिवसभर हलायचा, आणि वर तिकिटं फाटायची. ताप यायचा थांबला. अगदी कायमचा नव्हे, पण पूर्वी जो पाहुणा मुक्कामाला असायचा तो आता दारातून डोकावून परत जाऊ लागला. पाय उजव्यासारखा झाला नाही. होणारही नव्हता, हे मास्तरने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. पण वळकट्या मऊ पडल्या, बोटं वर आली. एकदा आंघोळीनंतर तिला आपली करंगळी दिसली. हरवलेलं माणूस बाजारात दिसावं तशी ती तिच्याकडे बघत राहिली.

आता अशा बाईला गप्प बसवेल का? दरवर्षी सरकारी गोळ्या वाटल्या जायच्या, ह्याच रोगाच्या, सगळ्या गावाला. लोक त्या घ्यायचे आणि खिशात घालायचे. खिशातून त्या धुण्याच्या पाण्यात. खिडकीबाईने दवाखान्यातल्या नर्सताईला खिडकीशेजारी स्टूल टाकून दिलं. "ज्याला सोसणार नाही त्याला ही ताई देत नाही, विचारून देते. बाकीच्यांनी इथेच गिळा," ती रांगेला सांगायची. कुणी कां-कू केलं तर म्हणायची, "तीन तास अंधारात बसून डासांना जेवायला घालणार, आणि गोळीला घाबरता?" हे तिने स्वतःचा पाय फळीआड ठेवूनच केलं. रांगेतल्या कुणाला प्रश्न पडला नाही की ही बाई हे का करते. स्वभाव आहे, म्हणाले.

मास्तरचं अंगण पुरेना. आजूबाजूच्या वस्त्यांतून माणसं येऊ लागली. तेव्हा तिने दवाखान्यामागची एक रिकामी खोली पाहून ठेवली. तळमजला, पायरी नाही, आत नळ आणि पाणी जायला मोरी. ती मिळवायला तिने किती जणांचं डोकं खाल्लं ते विचारू नका. रांगेतल्या माणसाशी कसं बोलायचं हे तिला आयुष्यभर ठाऊक होतं. आता ती स्वतः रांगेत उभी राहिली, म्हणजे बसली, कारण उभं राहणं पायाला वर्ज्य. शेवटी खोली मिळाली. भिंतीला लांब बाक, खुंट्यांना फडकी, दारात मास्तरने शिवलेला जाड पडदा. पेंटरने पाटी रंगवायची म्हणून विचारलं, तर सगळे एका सुरात नको म्हणाले. पाटी असली की येणाऱ्याला लाज वाटते.

आणि मग निरोप आला की मोठ्या ऑफिसातल्या मॅडम पाहणीला येणार आहेत. दवाखान्याला सामानाची खोकी ठेवायला जागा कमी पडतेय. मागच्या खोलीचा खरोखर उपयोग होत असेल तर राहील, नाहीतर खोक्यांना जाईल.

खोली गेली तर परत अंगण, परत चारजण, बाकीचे परत आपापल्या घरात दार लावून. हे प्रत्येकाला कळत होतं. खिडकीबाईने कंबर कसली. "मॅडमसमोर कुणी गबाळ्यासारखं यायचं नाही," तिने फर्मान काढलं. "चांगले कपडे, पायघोळ. बादल्या आत. फरशी कोरडी ठणठणीत. फडकी खुंटीवरून काढा. त्या दिवशी धुणं नाही. आपण काय भिकारी नाही, हे कळलं पाहिजे."

मास्तरला ते पटलं नव्हतं. "धुण्याचा दिवस आहे तो," तो एवढंच म्हणाला.

"एक दिवस नाही धुतलं तर पाय पळून जाणार नाहीत," खिडकीबाई म्हणाली, आणि सगळे हसले. तिच्यासमोर कोण वाद घालणार? शिवाय प्रत्येकाच्या मनात तेच होतं. आयुष्यभर जी गोष्ट झाकली ती पाहुण्यांसमोर तर झाकायलाच हवी. मास्तर बिचारा सगळ्यांचे काठ खाली सोडत बसला.

मॅडम आल्या. चष्मा, हातात फाइल, चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, घाई होती. त्यांनी पाहिलं काय? स्वच्छ कोरडी खोली. बाकावर ओळीने बसलेली, फोटो काढायला आल्यासारखी माणसं, भांग पाडलेले, गुडघ्यांवर हात. साबणाचा वाससुद्धा नाही.

"पेशंट कधी येतात?" मॅडमनी विचारलं.

"आम्हीच," खिडकीबाई म्हणाली.

मॅडमनी ओळीवरून नजर फिरवली आणि मनापासून हसल्या. "अरे वा. म्हणजे सगळे छान बरे झालात. फार आनंद वाटला मला." आणि सोबत आलेल्या दवाखान्याच्या माणसाकडे वळून म्हणाल्या, "मग आता ह्यांना रोज जागेची तशी गरज नाही. कपाटं ह्या भिंतीला लागतील."

खिडकीबाईची जीभ सुटली. तुम्ही वरवर बघता, तुम्हाला काय कळणार, असं काहीबाही ती बोलत सुटली, आणि मॅडमचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. चूक मॅडमची नव्हती. जे दाखवलं तेच त्यांनी पाहिलं होतं. खिडकीबाईला हे बोलता बोलताच कळत होतं, आणि म्हणून तिचा आवाज आणखी चढत होता.

तेवढ्यात पडदा हलला. दारात एक बाई उभी. डोक्यावर अंड्यांचं रिकामं टोपलं, वय फार नाही, कपडा एका बाजूला जमिनीवर लोळणारा. डाव्या बाजूला. कुणीतरी तिला सांगितलं असणार की अमुक दिवशी दवाखान्यामागे जा, तिथे तुझ्यासारखी माणसं असतात. तिने ती ठाकठीक ओळ पाहिली, मॅडमची फाइल पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला.

"चुकले मी," ती म्हणाली. "मला वाटलं इथं... दुसरं असेल." आणि पडदा पडला.

खिडकीबाई बोलायची थांबली. अर्ध्या वाक्यात. खोली, कपाटं, मॅडम, सगळं जिथल्या तिथे टाकून ती उठली आणि बाहेर पडली.

रस्त्यावर भर दुपार होती. अंडीवाली पुढे, खिडकीबाई मागे. धावणं दोघींच्याही पायात नव्हतं. इतकी संथ पळापळ त्या रस्त्याने कधी पाहिली नसेल. एकीचं पाऊल ओढलं जायचं, तिला दम लागायचा, ती थांबायची. तेवढ्यात दुसरी चार पावलं जवळ यायची आणि तिलाही दम लागायचा. "अहो अंडीवाल्या बाई, थांबा," खिडकीबाईने हाक मारली. ती आणखी घाईने चालायला लागली. आयुष्यात मागून आलेली हाक तिला कधी चांगल्या कामाची आली नसणार.

आणि समोर थिएटर होतं. दुपारच्या खेळाची रांग फाटकाबाहेरपर्यंत आलेली.

खिडकीबाई रस्त्याच्या मध्येच थांबली. खाली वाकली, झग्याचा काठ मुठीत धरला आणि गुडघ्यापर्यंत वर घेतला. मग खिडकीतल्या आवाजात, जो शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा, म्हणाली, "मागे वळून एकदा बघा. मी तुमच्यातलीच आहे."

अंडीवालीने वळून पाहिलं. रांगेनेही पाहिलं.

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अरे, ही तर आपली खिडकीबाई."

दुसरा म्हणाला, "तिला पाय आहेत होय?"

"आहेत," खिडकीबाई अंडीवालीवरची नजर न काढता म्हणाली, "आणि एक तर दोघांच्या वाटणीचा आहे. रांग मोडू नका."

रांगेत हशा पिकला. पण तो तसा हशा नव्हता, ज्याची तिला इतकी वर्षं धास्ती होती. तिच्या वाक्याला नेहमी मिळायचा तोच होता. गंमत म्हणजे तिला स्वतःलाही हसू आलं. अंडीवाली मात्र हसली नाही. ती त्या पायाकडे बघत होती, जसं एकेकाळी अंगणाच्या दारात उभं राहून कुणीतरी चार पायांकडे बघत राहिलं होतं.

"दुखतो?" तिने हळूच विचारलं.

"पूर्वी फार दुखायचा. चला, पाणी सोडलंय," खिडकीबाईने खुशाल थाप मारली.

पण त्या परत पोचल्या तेव्हा पाणी खरंच सोडलेलं होतं. मास्तरने विजार दुमडली होती. बादल्या बाहेर आल्या होत्या, पेंटर नळाशी वाकला होता, आणि दोघी म्हाताऱ्या चांगल्या कपड्यांवर पाणी उडालं म्हणून एकमेकींना दोष देत होत्या. मॅडम दारातच एका बाजूला उभ्या होत्या. गेल्या नव्हत्या. फाइल काखेत होती.

"बस," खिडकीबाई अंडीवालीला म्हणाली. "आधी माझा पाय धू. रीत आहे इथली."

अंडीवालीने एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा पायाकडे, आणि बसली. खिडकीबाईने शिकवलं तसं धुतलं. फेस हातावर, फटीत सुरळी, टिपायचं, पुसायचं नाही. झाल्यावर खिडकीबाईने मास्तरकडे बघितलं. तो मान हलवून म्हणाला, "तुम्हीच विचारा."

"हाताला काय लागलं?"

अंडीवाली हात बघत राहिली. "साबण," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले, म्हणजे तिला निवांत रडता यावं.

मॅडम थोड्या वेळाने खिडकीबाईजवळ आल्या. "आज धुण्याचा दिवस होता ना?"

"होता."

"मग लपवलंत का?"

"सवय," खिडकीबाई म्हणाली. मघाशी इतकं बोललेल्या बाईकडे आता एवढाच शब्द होता. मग तिने आणखी एक जोडला, जो तिला सहसा सापडायचा नाही. "चुकलंच."

मॅडमनी मान डोलावली. "खोकी जिन्याने वर नेता येतील. तुम्हाला नाही नेता येणार. मी तसं सांगते." आणि पडद्यापाशी थांबून म्हणाल्या, "पुढच्या वेळी न कळवता येईन. काठ खाली सोडायला वेळ देणार नाही."

त्या बोलल्या तसं झालं. खोली राहिली, आणि पुढे तिथे दुसरा नळही आला, पहिल्यापेक्षा चांगला, न ठिबकणारा. अंडीवाली आता नव्यांना शिकवते. मास्तरचा पाय मात्र दर वेळी खिडकीबाईच धुते. ती पाळी ती दुसऱ्या कुणाला घेऊ देत नाही. आभार वगैरे मानायला गेलं की मास्तर, "पाणी सांडतंय," असं काहीतरी म्हणतो, म्हणून तिने हाच मार्ग शोधून काढला.

त्या दिवसानंतर थोड्याच दिवसांनी ती आणि वहिनी मास्तरच्या दुकानात गेल्या. पुढच्या दाराने. नवा झगा शिवायचा होता.

"लांबी?" मास्तरने टेप हातात घेत विचारलं.

"घोट्याच्या वर."

मास्तर तिच्याकडे न बघता वहिनीकडे बघून हसला. "ऐकलंत? आता हिशेब फिटला म्हणायचा तुमचा."

"कसला हिशेब?" खिडकीबाईने विचारलं.

वहिनी कापडाचा पोत बघण्यात गुंतली. उत्तर मास्तरने दिलं. "काठ बघून मला कळलं ते खरं. पण कुणाच्या काठाबद्दल जाऊन बोलायचा माझा काय अधिकार? तुमच्या वहिनी इथे येऊन म्हणाल्या, मास्तर, तुम्हीच जाऊन बोला. मी बोलले तर भांडण होईल आणि पाय बाजूला राहील. दर खेपेला यायच्या, काठ सोडून घ्यायच्या आणि विचारायच्या, गेलात का तुम्ही? शेवटी त्यांच्या तगाद्याला कंटाळून मी खिडकीपाशी आलो."

खिडकीबाईला ते बोचकं आठवलं, मागचं दार आठवलं. इतकी वर्षं पलंगावर ठेवलेल्या घड्या आठवल्या. तिला वाटायचं, वहिनी तिची लाज झाकत होती. वहिनी तर प्रत्येक काठाबरोबर मास्तरकडे तिच्यासाठी खेटे घालत होती.

"मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"नसतं."

"मग," वहिनी म्हणाली आणि पुन्हा कापड बघायला लागली.

घरी जाताना खिडकीबाई गप्प होती. वहिनीला दोनदा वाटलं, हिला ताप तर येत नाही ना. नवा झगा शिवून आला त्या दिवशी खिडकीवर मधली रांग मागणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर मिळालं, "मधल्या दोन खुर्च्या गेल्या." कुणाला दिल्या विचारलं तर, "आहे एक बाई," एवढंच.

संध्याकाळच्या खेळाला तिने खिडकी दुसऱ्याच्या हवाली केली. काखेत पालथं खोकं घेतलं आणि वहिनीला घेऊन, भर गर्दीत, लोकांच्या बरोबरीने आत शिरली. माणसं बाजूला सरत होती; पायाकडे बघून नव्हे, खोक्याचा कोपरा लागू नये म्हणून. इतकी वर्षं त्या थिएटरात काम करून तिने एकही पिक्चर लोकांत बसून पाहिला नव्हता. वहिनीने तर कधीच नाही. तिला उसंत नसायची.

मध्यंतर झालं. दिवे लागले. सगळं गाव उठलं, वळलं, चुळबुळ करत एकमेकांकडे बघू लागलं. आखूड झगा, उघडा पाय, मधली रांग. खिडकीबाईचा हात सवयीने काठाकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला. तिने वहिनीकडे पाहिलं. सकाळपासून ओठांवर आणून ठेवलेलं काहीतरी बोलायचं होतं, पण अशा बोलण्याचा तिला सराव नव्हता.

"वहिनी," ती म्हणाली.

"नंतर," वहिनी म्हणाली. तिने वाकून खोकं जवळ ओढलं आणि त्यावर आपली ओढणी घडी करून ठेवली. "आधी पाय वर घ्या वन्सं. मघापासून खाली लोंबतोय. सुजेल."